नाचरी लिंक आणि राउटरचे टायमर: लॅबची पुढची नोंद

लॅबमध्ये दोन सेकंडहँड सिस्को १९४१ राउटर आलेत. लॅमिंग्टन रोडचा माल, पंखे बोंबलतात, पण दोन-दोन गिगाबिट पोर्ट आहेत आणि आयओएस १५ (सिस्कोचं राउटरसाठीचं सॉफ्टवेअर) चालतं. डोंबिवलीत पाऊस लागला की खांबावरून आलेली आमची फायबर लिंक दिवसभर येत-जात राहते. तिच्यावर उपाय करण्याआधी तोच प्रकार टेबलावर घडवून बघायचा, एवढंच या खेपेचं काम.

रचना साधी आहे. दोन राउटर, मध्ये दोन वाटा, वर ओएसपीएफ, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल. एक वाट थेट केबलची, दुसरी जुन्या लिनक्स पीसीच्या ब्रिजमधून (दोन नेटवर्क कार्डं जोडून डेटा जसाच्या तसा पुढे देणारी सोय) जाणारी. पीसीवरची स्क्रिप्ट एक नेटवर्क कार्ड ठरावीक वेळाने बंद-चालू करते. एक गंमत लक्षात ठेवा: काही कार्डं वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून पीसी जागा करण्याची सोय) चालू असलं की सॉफ्टवेअरमधून बंद केली तरी पोर्टचा दिवा जळतच ठेवतात, आणि राउटरला काही पत्ताच लागत नाही. ते फीचर बंद केल्यावर फ्लॅप, म्हणजे लिंकचं पडणं-उठणं, खरा झाला.

पहिला टायमर कॅरिअर-डिले: पोर्टवरचा सिग्नल (कॅरिअर) गेल्या-आल्याची बातमी वर देण्याआधी राउटर थांबतो तो वेळ. आयओएसमध्ये तो मुळात २ सेकंदांचा असतो. तेवढ्यात लिंक पडून परत उठली तर वरच्या प्रोटोकॉलला काही कळवलंच जात नाही. त्यामागे कारण आहे: एसडीएचसारख्या (दूरसंचार कंपन्यांचं फायबरवरचं तंत्र) ट्रान्समिशन नेटवर्कमध्ये तुटलेली वाट सोडून राखीव वाटेवर जायला ५० मिलिसेकंद धरलेले असतात. खालचा थर स्वतः सावरतोय तर राउटरने उगाच बोंब मारू नये. पण लिंक खरोखरच मेली, तर हेच २ सेकंद ट्रॅफिक खड्ड्यात जातं. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर याच कामाचा होल्ड-टाइम असतो, मुळात शून्य, आणि अप व डाउनचे आकडे वेगळे देता येतात. सिस्कोच्याच मोठ्या राउटरांच्या आयओएस एक्सआरमध्येही तशी सोय आहे. माझ्या १९४१ वर एकच आकडा मिळतो, आणि ते मला खटकतं. पडल्याची बातमी लगेच हवी, उठल्याची बातमी उशिरा चालेल. नाचऱ्या लिंकवर भरवसा ठेवायला घाई कसली?

म्हणून मग डॅम्पनिंग, म्हणजे वारंवार नाचणारी लिंक काही काळ बाजूला ठेवणं. इंटरफेसवर (राउटरच्या पोर्टवर) एका शब्दाची कमांड. लिंक दर वेळी पडली की १००० दंड, आणि अर्धायुष्याप्रमाणे (दंड निम्मा व्हायला लागणारा वेळ) तो उतरत जातो. दंड २००० च्या वर गेला की इंटरफेस दाबून ठेवला जातो: पोर्टचा दिवा हिरवा, पण ओएसपीएफच्या लेखी लिंक डाउन. दंड १००० च्या खाली आला की सुटका. अर्धायुष्य मुळात ५ सेकंद, आणि जास्तीत जास्त दाबण्याची मुदत त्याच्या चौपट, म्हणजे २०.

इथे कागद-पेन घेऊन बसलो, आणि बरं झालं. लिंक दर ५ सेकंदांनी पडते असं धरा. आधीचा दंड निम्मा, अधिक १०००. म्हणजे १०००, १५००, १७५०, १८७५… आकडा २००० च्या जवळ सरकत राहतो, ओलांडत कधीच नाही. दर ५ सेकंदांनी किंवा त्याहून सावकाश नाचणारी लिंक मूळ आकड्यांवर कधीच दाबली जाणार नाही! स्क्रिप्टने हेच दाखवलं. दंड चढत होता, दाबणं मात्र नाही, आणि ओएसपीएफचा शेजारी (पलीकडच्या राउटरशी जुळलेलं नातं) दर वेळी पडत होता.

अर्धायुष्य ३० आणि कमाल मुदत १२० केल्यावर चित्र बदललं. दर २० सेकंदांच्या फ्लॅपवर दंड १०००, मग साधारण १६३०, तिसऱ्याला २०२७, आणि इंटरफेस आत. फ्लॅप चालू असेपर्यंत दंड २७०० कडे चढत राहतो, म्हणून सुटका नाही. थांबल्यावर पाऊण मिनिटाच्या आत लिंक परत. ही कमांड मुख्य इंटरफेसवरच लागते, सबइंटरफेस (त्याच पोर्टचे आभासी भाग) आपोआप तिच्या कक्षेत येतात.

याचा बीजीपीमधला (इंटरनेटवरच्या नेटवर्कांना एकमेकांच्या वाटा कळवणारा प्रोटोकॉल) भाऊबंद, रूट फ्लॅप डॅम्पनिंग, १९९८ च्या आरएफसी २४३९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातला. तो इतका कडक ठरला की २००६ मध्ये राइप या युरोपातल्या नेटवर्कवाल्यांच्या व्यासपीठाच्या कार्यगटाने तो वापरूच नका असं सांगितलं. पुढे २०१४ च्या आरएफसी ७१९६ ने दाबण्याची मर्यादा किमान ६००० ठेवायला सांगून त्याला पुन्हा कामाचं केलं. तिथे एका ठिकाणचा गोंधळ जगभर मोजला जायचा. इथे आपल्याच पोर्टचा हिशेब आहे, म्हणून मला तेवढी धास्ती वाटत नाही.

आता खरी अडचण. वरचं सगळं पोर्टचा कॅरिअर गेला तरच चालतं. टेबलावरही ब्रिजच्या पलीकडच्या राउटरचा पोर्ट अपच राहिला, आणि त्याचा ओएसपीएफ शेजारी डेड टायमर (शेजाऱ्याचा निरोप आला नाही तर थांबण्याची मुदत), म्हणजे ४० सेकंद, संपेपर्यंत ‘फुल’, म्हणजे सगळं ठीक, दाखवत होता. घरी तर तेच रोजचं: ओएनटीवर (फायबर घरात जिथे येऊन लागते तो डबा) एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतो, पण राउटरकडे जाणारा लॅन पोर्ट ठणठणीत. कॅरिअर-डिले काय, डॅम्पनिंग काय, कुणाला काही दिसतच नाही.

त्यामुळे घरच्या लिंकवर आयपी एसएलए (राउटरने स्वतःच लिंक तपासत राहण्याची सोय) लावलाय. दर ५ सेकंदांनी पिंग, आणि ट्रॅकवर (पिंगच्या निकालावरून रूट बदलवणारी सोय) डाउनला १०, अपला १२० सेकंदांचा विलंब. हवा होता तो पडण्या-उठण्याचा वेगवेगळा हिशेब इथे सरळ मिळतो. फक्त पिंगच्या पत्त्याला फायबरच्याच वाटेने बांधणारा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली पक्की वाट) हवा. नाहीतर फायबर पडल्यावर पिंग बॅकअपच्या फोर-जीवरून जातो, ट्रॅक म्हणतो सगळं ठीक, रूट परत मेलेल्या फायबरवर, पिंग पुन्हा गायब. केबलवाल्याची लिंक नाचत नसली तरी राउटर स्वतःच नाचायला लागतो.

सध्या घरी ट्रॅक, लॅबमध्ये ३० सेकंदांचं डॅम्पनिंग. पुढच्या खेपेला ब्रिजच्या वाटेवर बीएफडी (शेजारी जिवंत आहे का हे झटपट तपासत राहणारा प्रोटोकॉल), ३०० मिलिसेकंद गुणिले ३, म्हणजे दर ३०० मिलिसेकंदांनी निरोप, सलग तीन चुकले की लिंक डाउन. कुणाकडे १९४१ वर याहून कमी आकडा स्थिर चालला असेल तर सांगा. आणि मंडळी, पंख्याच्या आवाजावर काही इलाज असेल तर तोही.