दहा तासांतले पाच

मंगळवार, रात्री अकरा

"अगं, कशाला एवढं? आम्ही विमानतळावरच बसू की."

भाजी निवडता निवडता बोलावं तसं आई बोलली आणि लगेच ताईकडे अमेरिकेला न्यायच्या मसाल्यांवर गेली. फोन ठेवून दोन तास झाले, मी अजून त्या वाक्यापाशीच आहे. समोर आई-बाबांच्या दुबईच्या थांब्याचा कागद आहे, मधल्या वेळात शहरात काय बघायचं त्याचा. दोन संध्याकाळी खपून केलेला.

तिकिटावर दहा तास दिसतात. सकाळी सहाला उतरायचं, दुपारी चारला पुढचं विमान. पण ते दहा तास आपले नसतात. विमान टेकल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत दीड तास धरावाच लागतो. टर्मिनल तीन लांबलचक आहे, आणि पहाटे एकामागून एक विमानं उतरतात, त्यामुळे इमिग्रेशनची रांग किती असेल ते सांगता येत नाही. परतताना तीन तास आधी आत हवं, कारण अमेरिकेच्या विमानाला गेटपाशी पुन्हा तपासणी असू शकते. म्हणजे साडेसात ते एक. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ काढला की उरतात जेमतेम पाच. बाबांनी मनगटावरचं घड्याळ दीड तास मागे केलं नाही, तर ते दीड तास लवकर परततील. विमान चुकणार नाही, पण पाचाचे साडेतीन होतील.

हे सगळं मी त्यांच्यासाठी मोजलं, आणि त्यांना नकोच आहे.

व्हिसाचं मी आधीच बघून ठेवलंय. दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यामुळे उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. मात्र पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा, दोन्हीची मुदत सहा महिने उरलेली हवी. नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात विमान कंपनीला परत विचारायचं. ज्यांच्याकडे असा व्हिसा नाही त्यांना 48 किंवा 96 तासांचा ट्रान्झिट व्हिसा आधीच काढावा लागतो. तो विमान कंपनीमार्फत होतो, आयत्या वेळी होत नाही.

मुंबईला काउंटरवर दोन गोष्टी विचारायच्या: बॅगांच्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचं नाव आहे ना, आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास आत्ताच मिळेल का. बॅगा परस्पर पुढे जाणार, म्हणून बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बॅगेत गेल्या तर दिवसभर हाती लागणार नाहीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक घरीच ठेवायचं, तिथे त्यांवर कडक निर्बंध आहेत.

आणि खसखस. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरतात. डिंकाच्या लाडवांत आई मूठभर तरी घालते. मी म्हटलं, या वेळी नको घालूस, बॅगा दुबईत बाहेर येणार नसल्या तरी नको. त्यावर ती गप्पच झाली. ताईच्या लाडवांत खसखस नाही म्हणजे... असो.

कागदावर पहिल्यांदा बुर्ज खलिफा होता. 828 मीटर, 2010 साली खुला झालेला, दुबई म्हटलं की हाच डोळ्यांसमोर येतो. मी तोच खोडला. वरची तिकिटं वेळेची असतात आणि इमिग्रेशनची रांग लांबली तर वाया जातात. मेट्रोच्या स्टेशनातून बुर्जच्या पायथ्याशी असलेल्या मॉलपर्यंत झाकलेल्या, थंड पुलावरून दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. मधे सरकते पट्टे आहेत, तरी आईच्या गुडघ्यांना ती लांबच. आणि खाली कारंजी नाचतात ती मुख्यतः संध्याकाळी. सकाळच्या पाच तासांत खाडीच खरी. जुनी दुबई खाडीच्या दोन काठांवर आहे, बर दुबई आणि देरा, आणि दोन्ही मिळून आईच्या चालीने तीन तासांत होते.

साडेसातला बाहेर पडले की मेट्रोची लाल लाइन, बुरजुमानला उतरून हिरवी, पुढचंच स्टेशन शराफ डीजी. जुन्या नकाशांत ते अल फहीदी नावाने सापडतं. पण ते रविवारी उतरतात, आणि रविवारी मेट्रो आठला सुरू होते. अर्धा तास खुर्चीवर बसून चहा घ्यायचा, नाहीतर टॅक्सी. विमानतळावरून टॅक्सीचं मीटरच 25 दिरहमपासून सुरू होतं. मेट्रोला चंदेरी नोल कार्ड, 25 दिरहमचं, त्यातले 19 प्रवासाला वापरता येतात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, म्हणून दोन घ्यायची. गुलाबी पट्टीचा भाग बायकांचा, बाबा तिथे चढले तर 100 दिरहम दंड. गाडीत पाणी पिण्यालाही दंड आहे, त्यामुळे नऊची गोळी फलाटावर यायच्या आधीच घेऊन टाकायची.

अल फहीदीच्या गल्ल्या सकाळीच बघायच्या. तो भाग बास्ताकिया म्हणूनही ओळखला जातो, दक्षिण इराणमधून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेला. घरांवर चौकोनी मनोरे आहेत, त्यांना बारजील म्हणतात. वरून वारा पकडायचा आणि खाली खोलीत सोडायचा. विजेच्या आधी त्या उन्हात घर थंड ठेवायची ती सोय होती. बाबा त्याखाली उभे राहून मान वर करून बराच वेळ बघतील. माझ्या डोळ्यांपुढे तेच चित्र होतं.

मग वाईट वाटलं ते कशाचं? कागद वाया गेल्याचं नाही. मी जे बघत होते ते तिला दिसतच नव्हतं, त्याचं असावं. की मीच विचारलं नाही आधी, तुला काय बघायचंय म्हणून? तिने एकदाच विचारलं होतं, तिथल्या देवळाबद्दल. बर दुबईचं जुनं शिवमंदिर आता तिथे नाही, 2022 साली उघडलेलं नवं मंदिर जेबेल अलीला आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पाच तासांत ते बसत नाही. मी "नाही जमणार" एवढंच म्हटलं आणि पुढचं सांगत सुटले.

शिवाय जूनमधली दुबई. सकाळी दहापर्यंतच अंगाची काहिली होते, हवा दमट, पारा चाळिशीकडे. आईने पहिल्यांदा उन्हाचाच विचार केला असणार. विमानतळावर गारवा आहे, बाथरूम हाकेच्या अंतरावर आहे, पाय वर करून बसता येतं. रात्रभर झोप नाही, पुढे चौदा-पंधरा तासांचं विमान. तिच्या जागी मी असते तर मीही बसलेच असते. हे लिहायला घेतलं तेव्हा मला इतकं कळत नव्हतं.

तिथून व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, फोन मात्र लागत नाही. म्हणजे ते बाहेर पडले की बसून राहिले हे मला चार ओळींतूनच कळणार. चालेल.

कागद पुन्हा लिहिला. वरच्या अर्ध्यात विमानतळ: पाणी कुठे, आडवं कुठे होता येईल, गेट किती वाजता. खालच्या अर्ध्यात फक्त खाडी आणि ती ओलांडायची होडी, गल्ल्याही काढून टाकल्या. त्याचा फोटो आईला पाठवला, काही न लिहिता.

साडेअकराला तिचा मेसेज आला. "त्या होडीला कठडा आहे का?"

अब्रा. नाही आई, कठडा नाही. लाकडाची उघडी होडी, वर छत, मधोमध लांब बाकडं, त्यावर दोन्हीकडे तोंड करून पाठीला पाठ लावून माणसं बसतात. चढताना होडी डुलते, तेव्हा बाबांचा हात धर आणि चढल्याबरोबर बस, कडेला उभी राहू नकोस. पाचेक मिनिटांत देरा येतं. भाडं माणशी एक दिरहम, नाविकाच्या हातात रोख द्यायचं, म्हणून विमानतळावर पैसे बदलतानाच दोन नाणी मागून घे. पलीकडे मसाल्यांचा बाजार आहे. दुकानं दहाच्या सुमाराला उघडतात. केशर बघ, खसखस विचारू नकोस. तिथून जवळ अल रास स्टेशन, हिरव्या लाइनने युनियन, तिथे बदलून लाल लाइनने टर्मिनल तीन. साडेबाराला परत.

एवढं सगळं टाइप करून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून नाही.