हेडसेटच्या आतलं दाखवायचं नाही

यंदा आमचा ग्रुप जी एकांकिका बसवतोय ती व्हर्च्युअल रिअॅलिटीवर आहे, म्हणजे व्हीआर, डोळ्यांवर हेडसेट चढवला की त्यात दुसरंच जग दिसतं ते तंत्र, आणि बेळगावात हे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग प्रोजेक्टर केवढा लावणार, एलईडी वॉल भाड्याने आणणार काय? काहीच आणणार नाही. स्टेजवर एक बाई, डोळ्यांवर हेडसेट, रिकाम्या हवेत हात फिरवतेय, प्रेक्षकांना एवढंच दिसणार.

गोष्ट अशी आहे. वडगावातलं पॉवरलूमवर जगणारं घर, मुलगा तापाने गेलाय, आणि एक कंपनीवाला येऊन सांगतो की मोबाईलमधले त्याचे व्हिडिओ द्या, पोराला परत भेटवतो, महिन्याला एवढे पैसे भरा. कंपनी काल्पनिक आहे, पण असं भेटवणं घडून गेलंय. 2020 मध्ये दक्षिण कोरियाच्या एमबीसी चॅनेलने एका आईला तिच्या गेलेल्या सात वर्षांच्या लेकीची अशीच भेट घडवली होती. हिरव्या पडद्याच्या स्टुडिओत ती हेडसेट आणि हातमोजे घालून उभी, समोर कॉम्प्युटरने बनवलेली लेक, हालचाली एका बालकलाकाराच्या अंगावरून घेतलेल्या, आणि घरची माणसं बाजूला बसून बघतायत. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिलाय आणि दरवेळी माझी नजर त्या बाजूला बसलेल्या माणसांवरच जाते. त्यांचंही माणूस गेलंय की.

म्हणून आतलं दाखवायचं नाही हे मी पहिल्या वाचनालाच ठरवलं. सोंग आपल्याला नवीन नाही, कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावरच विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सांगलीत सीतास्वयंवर नाटक उभं केलं. पण तिथे समोर बसलेल्या सगळ्यांना एकच राक्षस दिसायचा, घाबरायचे सगळे आणि घरी जातानाही सगळे मिळून बोलत जायचे. हेडसेटमध्ये एकटं माणूस आत जातं आणि शेजारी बसलेला नवरा बाहेर राहतो. आपण प्रेक्षकांना आतलं पोरगं दाखवलं तर प्रेक्षक आईबरोबर आत जातात, रडतात, आणि नवऱ्याकडे कुणी बघतच नाही. ते मला नको होतं.

आता याची अडचण म्हणजे हेडसेट घातला की नटीचे डोळे गेले, निम्मा अभिनय गेला. भिंगं काढून आत काळी जाळी लावली तरी लाईटमध्ये तिला नीट दिसत नाही. मग सतरंजीखाली सुतळी चिकटवली, अनवाणी पायाला सुतळी लागली की थांबायचं, पुढे स्टेजची कड आहे. तिने सगळं काम हातात आणलंय. पोराच्या कपाळावरचे केस मागे सारते, तिथे काहीच नसतं, आणि तरी अंगठा नेमका पोराच्या उंचीला थांबतो. हे बघताना गळ्याशी येतं.

पोराचा आवाजही ऐकवणार नाही, फक्त तिची उत्तरं. व्हिडिओत पोरगं बोललंय ते गॅदरिंगच्या भाषणात, म्हणजे पाठ केलेलं, आणि घरातलं बोलणं कुणी रेकॉर्ड करतं काय? मग उरलेलं कंपनीने आपल्या मनाने भरलं. तिचं वाक्य आहे, "असं का बोलाल्यास रे बाळा, पुण्याच्या पोरासारखं?" तालमीत या वाक्याला सगळे गप्प होतात, कन्नड घरातला आमचा लाईटवालासुद्धा.

सेटचं म्हणाल तर हेडसेट सुरुवातीपासून वरून वायरने टांगलेला असतो. 1968 च्या सुमारास आयव्हन सदरलँड या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने केलेलं असलं यंत्र इतकं जड होतं की छताला टांगावं लागायचं, ते वाचून सुचलं.

मी या तंत्राच्या विरोधात नाही हो. भाजलेल्या पेशंटला ड्रेसिंगच्या वेळी व्हीआरने वेदना कमी जाणवतात, उंचीची भीती घालवायलाही ते वापरतात, हे चांगलंच आहे. पण 2020 मध्येच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 511 जणांना व्हीआर व्हिडिओ दाखवले आणि पाच मिनिटांपेक्षाही कमी वेळाच्या डोक्या-हाताच्या हालचालींवरून त्यांतले 95 टक्के लोक कॉम्प्युटरने ओळखून दाखवले. म्हणजे आई पोराचे केस सारते तो हातही कंपनीकडे जमा होतो. टॅबलेटवर 'मान्य आहे' दाबताना हे तिला कोण सांगणार? आणि पोराला तर कुणी विचारलेलंच नाही. तो प्रश्न धाकटी बहीण विचारते, "उद्या मी मेले तर माझं पण असं करणार काय?" त्यावर बाप कंपनीवाल्याला म्हणतो, व्हिडिओ परत द्या, पैसे ठेवा. कंपनीवाला करार काढतो. नाटक तिथे संपतं.

तालमीला येऊन बसणाऱ्या एक काकू मात्र मला स्पष्ट बोलल्या, "तुझं सगळं बरोबर हाय, खरं मला मिळालं तर मी घालीन. तुम्ही कोण नको म्हणणारे?" मी ते वाक्य जसंच्या तसं आईच्या तोंडी घातलंय आणि त्याला नाटकात कुणीही उत्तर देत नाही, कारण माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नाही, आणि खोटं द्यायचं नाही.

प्रयोग दिवाळीनंतर आहे. पुढे अर्धा तास हॉल जास्तीचा घेतलाय, बोलायला, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, ज्याला जसं जमेल तसं. काकूंसारखं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्की या.