आधार कार्डावरची एथेलड्रीडा

आधार कार्डावर एथेलड्रीडा आणि हाक मारताना ऑड्री, अशी दोन नावे तुम्हाला कशी, हा प्रश्न मला बँकेत, दवाखान्यात आणि लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. परवा एका पतपेढीतल्या बाईंनी फॉर्मवरची दहा इंग्रजी अक्षरे पेनाच्या टोकाने एकेक करून मोजली आणि "यातले पाळण्यातले नाव कोणते?" असे विचारले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: ही दोन नावे नाहीतच. विठ्ठलाचा जसा इठू होतो आणि कृष्णाचा किसन, तशी एथेलड्रीडाची झिजून ऑड्री झाली आहे.

माझा जन्म वसईचा, 23 जूनचा. ज्या संताच्या सणाला मूल जन्मेल त्याचे नाव बाळाला द्यावे, ही आमच्या आजीच्या पिढीची रीत होती, आणि 23 जून हा संत एथेलड्रीडाचा दिवस. फादरांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पूर्ण नाव लिहिले; आजीच्या जिभेला ते पेलेना, म्हणून घरात ऑड्री रूढ झाले.

मूळ जुन्या इंग्रजीतले नाव अ‍ॅथेलथ्रिथ असे आहे. 'अ‍ॅथेल' म्हणजे कुलीन आणि 'थ्रिथ' म्हणजे बळ. मात्र त्याचा 'कुलीनांचे बळ' असा सरळ समास सोडवू नये, कारण त्या काळचे लोक घराण्यात चालत आलेले दोन शुभ शब्द जोडून नाव घडवीत आणि त्या जोडीतून सुसंगत अर्थ निघालाच पाहिजे असा त्यांचा आग्रह नसे. त्यातला 'थ्रिथ' आमच्या भागात अनेकांना नकळत ओळखीचा आहे: मिल्ड्रेड या नावाचा शेवट तोच, आणि गर्ट्रूडमधला 'ट्रूड' हा त्याचाच जर्मन भाऊबंद. पुढे लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांनी अ‍ॅथेलथ्रिथची एथेलड्रीडा केली, तर सामान्य इंग्रजांच्या तोंडी मधली व्यंजने गळत जाऊन ऑड्री उरली.

ज्या बाईमुळे हे नाव टिकले ती सातव्या शतकातली, पूर्व इंग्लंडमधल्या अ‍ॅना नावाच्या राजाची मुलगी. (होय, अ‍ॅना हे त्या राजाचेच नाव, तो आणखी एक लेखाचा विषय.) तिची दोन लग्ने झाली, दुसरा नवरा नॉर्थम्ब्रियाचा राजा एक्ग्फ्रिथ. बारा वर्षे संसार होऊनही तिने कौमार्यव्रत मोडले नाही, शेवटी मठाची वाट धरली आणि 673 साली ईली येथे स्वतःचा मठ स्थापन केला. दलदलीतल्या त्या बेटाला ईली हे नाव तिथल्या ईल माशांवरून, म्हणजे आपल्या वामेवरून पडले, असे बीड सांगतो. हा बीड म्हणजे 731 साली इंग्रजांच्या चर्चचा इतिहास पूर्ण करणारा संन्यासी. मराठवाड्यातल्या जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही.

तिच्या मरणाची हकिकतही त्यानेच लिहून ठेवली आहे. 679 साली साथीत तिच्या जबड्याखाली मोठी गाठ आली, तेव्हा लहानपणी मी गळ्यात उगाच दागिन्यांचा भार मिरवला, आता सोन्यामोत्यांच्या जागी ही लाल, जळजळणारी गाठ आली, असे ती म्हणाली. सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने शवपेटी उघडवली, तेव्हा गाठ कापणारा वैद्य किनेफ्रिथ तिथे हजर होता आणि कापलेल्या जागी फक्त बारीकसा वण उरल्याचे त्याने सांगितले. चमत्कारावर विश्वास ठेवा अथवा न ठेवा, वैद्याने स्वतःचे टाके तपासावेत तसा तो प्रसंग मला दर वेळी डोळ्यांपुढे दिसतो.

यानंतरचा भाग मात्र दैवाची थट्टा म्हणावा असा आहे. ईलीला तिच्या नावाने जत्रा भरू लागली आणि त्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जाऊ लागल्या. 'सेंट ऑड्री' भरभर म्हणताना सेंटमधला 'ट' पुढे चिकटला, त्या फिती 'टॉड्री' झाल्या आणि माल हलका होत गेला तसा 'टॉड्री' या शब्दाला भडक, स्वस्त, दिखाऊ असा अर्थ आला. गळ्यातल्या दागिन्यांचे प्रायश्चित्त घेणाऱ्या बाईचे नाव असे गळ्यातल्याच भपक्याला चिकटले. कॉलेजात शब्दकोशात हे वाचले तेव्हा मी आठवडाभर रुसले होते. ऑड्री हेपबर्नचे गळ्यात मोत्यांचे सर घातलेले ते जगप्रसिद्ध छायाचित्र पाहिले की आता मात्र हसू येते.

पतपेढीतल्या बाईंनी हे सगळे ऐकून घेतले आणि प्रतिज्ञापत्र मागितले. ते मी पिशवीतच बाळगते: एथेलड्रीडा व ऑड्री या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.