मिंबनवरचं धुकं

मी वाचत असलेल्या जुन्या 'स्टार वॉर्स' कादंबरीबद्दल ओंकार सहज बोलून गेला, "ते आता धरत नाहीत गं, मावशी." म्हणायला काहीच नाही, पण दुपारपासून मनातून जात नाहीये.

'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय', ॲलन डीन फॉस्टरचं, १९७८चं. जुन्या बाजारात मिळालं तेव्हा बाइंडिंग सुटत आलं होतं. पहिला 'स्टार वॉर्स' फार चालला नाही, तर कमी पैशांत दुसरा भाग काढता यावा, या हिशेबाने लिहून घेतलेली गोष्ट. म्हणून मिंबन ग्रहावर जिकडेतिकडे धुकं, म्हणजे मोठे सेट नकोत. सिनेमातला हॅन सोलो नाही, कारण ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डने पुढच्या भागाचा करार केलेला नव्हता. पुढे २०१४ साली कंपनीने अशा बहुतेक जुन्या कादंबऱ्या 'लेजेंड्स' म्हणून अधिकृत कथेतून बाजूला काढल्या. थोडक्यात, यातलं काही घडलंच नाही.

मग काल रात्री पत्र्यावर पाऊस वाजत असताना मी जागून वाचलं ते काय होतं? माझ्या वाट्याला नेहमी असंच येतं, दुसऱ्यांनी रद्द केलेलं. बाबांच्या कपाटाचंही तेच झालं. जाऊ दे.

पुस्तक सदोष आहे, हे मला कोणी सांगायला नको. हॅला नावाची म्हातारी अगदी हवी तेव्हा उगवते आणि ज्याच्यामागे सगळे लागलेत त्या कायबर स्फटिकाची सगळी माहिती देऊन टाकते. नायक ल्यूक राजकन्या लेयाला मोलकरीण म्हणून खपवायला तिच्या थोबाडीत मारतो, ते पान मला आजही वाचवत नाही. आणि दोघांमधली ती ओढ! ती भावंडं आहेत हे १९८३च्या सिनेमात कळलं. फॉस्टरला कुठून माहीत असणार? पण मला तेच तर आवडतं. या पुस्तकाला पुढचं काही ठाऊक नाही. सगळं अजून व्हायचंय, कोण कोणाचं कोण, काहीच ठरलेलं नाही.

आणि शेवटचं ते देऊळ. ल्यूक दगडाखाली अडकलाय, समोर खलनायक व्हेडर, आणि लेया ल्यूकचा लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, उचलते. शिकलेली नाही, जिंकणार नाही हे तिला कळतंय. व्हेडर तिला खेळवत खेळवत जखमा करतो, तरी ती मागे हटत नाही. पहिल्या तिन्ही सिनेमांत तिच्या हाती लाइटसेबर दिला नाही कुणी. या रद्द पुस्तकात दिलाय.

ओंकारला सांगणार होते की २०१८च्या 'सोलो' सिनेमात मिंबन आलाच ना, चिखलासकट. कायबर स्फटिक तर आता लाइटसेबरच्या पोटातच असतो. ओठांवर आलेलं गिळलं. हे पुरावे मांडत बसले तर आनंदासाठी परवानगी मागितल्यासारखं होईल. नाही धरत तर नको धरू देत. कालची रात्र छान गेली.

ऋता रविवारी येईल तेव्हा तिच्या हातात देणार आहे. लेया तिला आवडेलच. थोबाडीच्या पानावर मात्र ती भडकेल आणि विचारेल, "तुला हे चाललं कसं?" नाही चाललं, हेच सांगेन. तरी पुढे वाच म्हणेन.