हेल्मेटवरचा नारिंगी : नोंद चौथी

मागच्या नोंदीत हेल्मेट पांढऱ्या प्रायमरपर्यंत आलं होतं. मधल्या दोन महिन्यांत ते एकदा पूर्ण रंगवलं आणि एकदा पूर्ण खरवडलं. आता दुसऱ्यांदा रंगवलंय, आणि यावेळी ते तसंच राहणार आहे. असं का झालं हे सांगायला ही नोंद.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हे हेल्मेट ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’मधल्या ३३२ क्रमांकाच्या तुकडीतल्या शिपायाचं आहे. शेवटच्या सीझनमध्ये असोका, एकेकाळची जेडाय (प्रकाशाची तलवार घेऊन लढणाऱ्या योद्ध्यांच्या संघातली), ज्यांना घेऊन मँडलोर ग्रहावर उतरते, ती तुकडी. पीएलए या प्लास्टिकमध्ये आठ तुकड्यांत थ्रीडी प्रिंट केलं, कारण माझ्या प्रिंटरचा बेड २२० मिलिमीटरचा आहे, अख्खं हेल्मेट त्यावर मावत नाही. सांधे चिकटवले, लांबी (पुट्टी) भरली, १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ८०० च्या वॉटर पेपरपर्यंत घासलं. घासकामावर मी आधीच खूप लिहिलंय, ते पुन्हा नको.

रंगाचं मात्र सविस्तर सांगायचंय. ही मालिका २००८ साली सुरू झाली आणि ४ मे २०२० ला तिचा शेवटचा भाग आला. त्यातले क्लोन शिपाई म्हणजे एकाच माणसाच्या प्रती. चेहरा एक, आणि आवाजही एकाच कलाकाराचा, डी ब्रॅडली बेकर यांचा. अशा हजारो सारख्या माणसांतून एकाला ओळखायचं कसं? चिलखतावरच्या रंगावरून. कॅप्टन रेक्सची ५०१ नंबरची पलटण निळी, कोडीची २१२ नारिंगी-पिवळी, ब्लायची ३२७ पिवळी, राजधानीतल्या पहाऱ्याचे शिपाई लाल. आणि ज्याने अजून लढाई पाहिलेली नाही तो नुसता पांढरा, कोरा. त्याला बाकीचे ‘शायनी’ म्हणतात.

पहिल्या सीझनमधला ‘रुकीज’ हा भाग आठवा. रिशीच्या चंद्रावरच्या चौकीबाहेर रेक्स बिळातल्या एका मोठ्या प्राण्याला गोळी घालतो, त्याच्या रक्तात हात बुडवतो आणि एको नावाच्या नव्या शिपायाच्या कोऱ्या छातीवर पंजा उमटवतो. पुढे एको मोठा शिपाई होतो, नवं चिलखत मिळतं, तरी छातीवर तो पंजा असतोच, आता निळ्या रंगात. मी हा भाग कितीतरी वेळा पाहिलाय, आणि दरवेळी त्या पंजापाशी थांबते. रंग एकोने निवडलेला नव्हता. दुसऱ्याने लावला, आणि त्याने तो जपला.

आम्हा नाशिककरांना हे समजायला फार कष्ट पडू नयेत. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकाळातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. एरवी वर्षभर त्या बुजवलेल्या असतात, वरून माणसं आणि गाड्या जात असतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंधा चौकाची पिवळी, शनी चौकाची गुलाबी, दिल्ली दरवाजाची केशरी. धप्पा (रहाडीत उडी) मारून आलेला माणूस संध्याकाळी घरी जाताना दिसला, की तो कुठल्या रहाडीत उतरला होता हे विचारावं लागत नाही. माझा धाकटा भाऊ दरवर्षी दिल्ली दरवाजाला जातो. आई त्याला आधी अंगणात उभं करते आणि पाण्याची बादली देते. तो रंग दोन-दोन दिवस कानामागे राहतो.

यंदा त्याचा सदरा मी धुवू दिला नाही. का, ते पुढे येतंच.

रंगावर विसंबण्याचा धोकाही या मालिकेने दाखवलाय. चौथ्या सीझनमधली अंबाराची मोहीम. दोन्हीकडच्या शिपायांना सांगितलं जातं की शत्रूने क्लोनची चिलखतं चोरून घातली आहेत, दिसतील त्यांना मारा. निळे आणि नारिंगी एकमेकांवर तुटून पडतात. रेक्स पडलेल्या एकाचं हेल्मेट काढतो आणि आत त्याचाच चेहरा दिसतो. अंबारा हा सदा अंधारात बुडालेला ग्रह आहे, हे मला फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. जिथे रंग नीट दिसतच नाही, तिथेच रंगावरून माणूस ओळखायची वेळ आणली.

आता ३३२ कडे. असोका जेडाय संघ सोडून गेलेली असते. ती परत येते तेव्हा रेक्स तिला रांगेत उभे असलेले शिपाई दाखवतो. त्यांनी हेल्मेटवर तिच्या चेहऱ्यावरच्या खुणा रंगवून घेतलेल्या असतात. तिची त्वचा नारिंगी आणि खुणा पांढऱ्या. यांची हेल्मेटं पांढरी आणि खुणा नारिंगी. अंगावर मात्र ५०१ चा निळा तसाच. चाहत्यांत यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. माझं म्हणणं असं : धड गुरूच्या रंगाचं, चेहरा शिष्येच्या रंगाचा. निळा हा अनाकिनच्या, म्हणजे असोकाच्या गुरूच्या, पलटणीचा. त्याने असोकाच्या तलवारी सांभाळून ठेवल्या आणि परत दिल्या, तेव्हा त्यांची पातीही हिरव्याची निळी झालेली होती. म्हणजे त्या एका दिवसात अनाकिन तिला निळा देतो आणि शिपाई तिला तिचाच नारिंगी परत देतात. पुढच्या काही तासांत अनाकिन खलनायक व्हेडर होतो, आणि हेच शिपाई वरच्या हुकुमावरून असोकावर उलटतात आणि जहाज कोसळून मरतात. म्हणून तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहणं जड जातं.

कोणी म्हणेल, इतका विचार लेखकांनी कुठे केला असणार? बरोबर आहे, पुष्कळदा रंग सोयीने येतो. १९८३ च्या चित्रपटात ल्यूकच्या तलवारीचं पातं हिरवं झालं, कारण वाळवंटातल्या निळ्या आकाशापुढे निळं पातं उठून दिसेना. मेस विंडू या जेडायचं जांभळं पातं ती भूमिका करणाऱ्या सॅम्युअल एल. जॅक्सन यांनी मागून घेतलं, कारण २००२ च्या चित्रपटातल्या आखाड्याच्या मोठ्या लढाईत त्यांना स्वतःला शोधता यायला हवं होतं. दोन्ही कारणं साधी. पण पुढे चाहत्यांनी हिरव्याला शहाणपण दिलं, जांभळ्याला दोन बाजूंमधला काठ दिला, आणि आज ते अर्थ त्या पात्यांना चिकटलेत. ५०१ हा आकडाही असाच उलटा प्रवास करून आलाय. १९९७ साली अमेरिकेत पोशाख बनवणाऱ्या चाहत्यांनी आपल्या मंडळाला तो दिला, आणि नंतर तो कथेतल्या पलटणीला मिळाला. त्यामुळे आमच्यासारख्यांनी हेल्मेट घासत बसून जे अर्थ लावायचे ते बाहेरचे आहेत, असं मला वाटत नाही.

तर नारिंगी. पहिल्या वेळी मी दुकानातला तयार स्प्रे आणला, सेफ्टी ऑरेंज. खुणांचा आराखडा कागदावर काढला, मास्किंग टेपवर उतरवला, ब्लेडने कापला, हेल्मेटच्या दोन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत जुळवल्या. तीन पातळ हात, वर लॅकर. टेप ओढली तेव्हा कडा सुरीने कापल्यासारख्या निघाल्या. भाऊ म्हणाला, “ताई, एकदम कंपनीतून आल्यासारखं!” आणि मी खाली बसले, कारण तेच चुकलं होतं.

ज्यांनी ती हेल्मेटं रंगवली ते रंगारी नव्हते. युद्धाच्या धामधुमीत, तिच्या आठवणीतल्या चेहऱ्यावरून, हाताला लागेल त्या ब्रशने त्यांनी त्या खुणा काढल्या. काम ओबडधोबड आहे हे रेक्स तिला स्वतःच सांगतो. मालिकेतली चिलखतं जवळून पाहा, चित्र थांबवून पाहा. रंगाचे फटकारे दिसतात. या मालिकेच्या चित्रकारांनी चेहऱ्यांवर आणि कपड्यांवरही ब्रशच्या खुणा मुद्दाम ठेवल्यात. मी काढलेली रेघ इतकी सरळ होती की ती कोणी कोणासाठी काढली असेल असं वाटेना.

दोन दिवस तसंच ठेवलं. मग ४०० चा पेपर घेतला आणि सगळं काढलं. त्यात उजव्या गालाची लांबी थोडी उडाली. वर आणखी एक झालं. घरात धूळ नको म्हणून खरवडलेलं हेल्मेट गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं होतं, आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. हनुवटीची कड आत वळली. गरम पाण्यात फडकं बुडवून, तो भाग शेकून, वाटीच्या बुडावर दाबून परत बाहेर काढला. बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. तो ठेवलाय. तुम्ही कोणी पीएलए वापरत असाल तर गाडीत ठेवू नका, सावलीतही नको.

यावेळी रंग शोधायला भावाचा तो रहाडीतला सदरा घेऊन गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानात गेले. तिथले काका वयस्क. त्यांनी सदरा उजेडात धरला, उलटा केला, शिवणीपाशी उसवून पाहिलं. शिवणीच्या आत रंग गडद होता, बाहेर उन्हाने उतरलेला.

“ताई, यातला कोणता पाहिजे? आतला का बाहेरचा?”

मी याचा विचारच केला नव्हता. असोकाचा नारिंगी लहानपणी जरा उजळ आहे, शेवटच्या सीझनमध्ये ती मोठी झाल्यावर अधिक खोल वाटतो, निदान मला. मी आतला सांगितला. काकांनी नारिंगी बेस घेतला, त्यात ऑक्साइड पिवळा, मग लाल, आणि शेवटी काडीच्या टोकावर मावेल एवढा काळा. प्रत्येक वेळी पुठ्ठ्यावर बोटभर ओढायचे, पंख्याखाली वाळवायचे, शिवणीशेजारी धरायचे. ओला रंग खोटं सांगतो, वाळल्यावर बघा, असं ते दोनदा म्हणाले. पाचव्या वेळी जुळला. सेफ्टी ऑरेंजशेजारी तो मातकट दिसतो, पण पांढऱ्या हेल्मेटवर लावला की अंगाचा रंग वाटतो. मला हवा होता तो हाच.

मग ब्रश भावाच्या हातात दिला. त्याने आयुष्यात कधी चित्र काढलेलं नाही. टेप नाही, पेन्सिलीची रेघ नाही. समोर असोकाचं चित्रही ठेवलं नाही. शेवटचे चार भाग त्याला आदल्या रात्री दाखवले होते, तेवढ्यावर काढ म्हटलं. तो घाबरला. दोनदा ब्रश खाली ठेवला. कपाळावरची पहिली खूण काढायला त्याला पंधरा मिनिटं लागली, आणि ती डावीकडे थोडी जाड झाली. दुसरी जुळवायला गेला तर ती बारीक. गालावरच्या पट्ट्यांना मात्र हात बसला होता, त्या एका ओढीत आल्या. व्हायजरच्या (डोळ्यांपुढच्या काळ्या काचेच्या) डाव्या कडेवर ब्रश घसरला आणि नारिंगी दोन मिलिमीटर काळ्या पट्टीत गेला. त्याने लगेच थिनरचं फडकं उचललं. मी हात धरला.

माझे हात त्याच्याहून सफाईदार आहेत. तरी रंगारी नसताना कुणासाठी तरी रंगवणाऱ्या माणसाचा हात या हेल्मेटवर असायला हवा होता, आणि तो भावाचा होता.

पांढऱ्याबद्दल एक सिद्धांत गेले काही दिवस आम्हा चाहत्यांत चालू आहे, तोही नोंदवून ठेवते. ‘रिबेल्स’ या पुढच्या मालिकेच्या २०१८ मधल्या शेवटच्या प्रसंगात असोका पांढऱ्या झग्यात येते, आणि तिच्या तलवारींची पातीही तोवर पांढरी झालेली असतात. पुष्कळांचं मत असं की हा मॉर्टिस या गूढ जगातल्या ‘डॉटर’चा, म्हणजे प्रकाशाच्या बाजूचं रूप असलेल्या शक्तीचा, रंग. तिसऱ्या सीझनमध्ये डॉटरचा उरलेला प्राण असोकात जातो, आणि नंतर मोराई नावाचा घुबडासारखा पक्षी असोकाच्या मागेपुढे दिसत राहतो. हा धागा पक्का आहे, मी तो नाकारत नाही. पण आपल्याकडे पांढरा पाहिला की आधी दुखवटा आठवतो. आजोबा गेले तेव्हा आजीने पांढरं नेसायला घेतलं, ते शेवटपर्यंत. असोकाने जे शिपाई पुरले त्यांच्या हेल्मेटांचा मूळ रंग पांढराच होता. नारिंगी वरून लावलेला. तिच्या झग्यात मला डॉटरइतकेच ते दिसतात. कोणाला पटत नसेल तर जरूर सांगा, फक्त आधी शेवटचा भाग पुन्हा पाहून या.

त्या भागातलं शेवटचं दृश्य मी रंगकाम करताना बाजूला लावून ठेवलं होतं. बर्फ पडून गेलेला, जहाजाचा सांगाडा गाडलेला, खांबांवर हेल्मेटं. सगळं पांढरं आणि राखाडी. व्हेडर येतो, बर्फातून तिची तलवार उचलतो, पेटवतो. निळा. मग तो पाठ फिरवून चालू लागतो आणि कॅमेरा एका हेल्मेटवर येऊन थांबतो. व्हायजरच्या काळ्या काचेत तो लांब जाताना दिसतो, आणि काचेभोवती त्या नारिंगी खुणा. थांबवून मोठं करून पाहिलं. खुणांच्या कडा सरळ नाहीत.

पुढचं काम : नारिंगी वाळून पंधरा दिवस झाले की अंगाला निळ्या पट्ट्या, मग रंग उडवणं. रंग उडवताना नारिंगी पांढऱ्यापेक्षा कमी उडवायचा असं ठरवलंय, कारण तो सगळ्यात शेवटी लागला. व्हायजरसाठी दीड मिलिमीटरचा गडद ॲक्रिलिक आणलाय, तो उकळत्या पाण्यात वाकेना, हीट गन लागणार. कोणी वाकवला असेल तर साचा कशाचा केला ते कळवा. सदरा आईने शेवटी धुतला. शिवणीतला रंग अजून तसाच आहे.