केसपेपरची खिडकी

"डोक्याचा डॉक्टर हवाय? पेशंट कोण, ही?"

खिडकीतून आलेला हा प्रश्न माझ्या लेकीने ऐकला आणि माझ्या हातातला तिचा हात सुटला. वळून पाहिलं तर ती व्हरांडा ओलांडून रिक्षा स्टँडकडे निघालेली. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. लेक पुन्हा शाळेत जायला लागली, तरी त्या खिडकीचा राग माझ्या मनातून जात नाही.

सुरुवात थोडक्यात सांगते. आमचं गाव देवगड तालुक्यात. लेक तेव्हा नववीत. गणपतीची सुट्टी संपली आणि रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. वेणी घालून व्हायची, दप्तर भरलेलं असायचं आणि दारात चप्पल घालताना उलटी. रविवारी मात्र काही नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक दिष्ट लागली आसा," आणि त्यांनी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. मी अडवलं नाही, त्यांचाही जीव तुटत होता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंनी शेवटी मला बाजूला घेतलं. हे पोटाचं नाही, मनोविकार तज्ज्ञांना दाखवा म्हणाल्या आणि चिठ्ठी दिली.

चिठ्ठी घेऊन आम्ही सकाळी सहाची एसटी पकडली. ज्या सरकारी रुग्णालयात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. तिथे केसपेपरच्या खिडकीला काच आहे आणि काचेला खाली वाटीएवढं भोक. वाकून बोलावं लागतं. मी हळू बोलले तर आतून आलं, "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही." मागे तीस-चाळीस माणसं. त्यांत आमच्याच वाडीतली एक बाई डोळे तपासायला आलेली. मी चिठ्ठी आत सरकवली, तर ती न वाचताच तो प्रश्न विचारला गेला. रांगेतली माणसं लेकीकडे बघायला लागली. काही जण तर वाकून बघत होते.

मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे. त्यामुळे आमच्याकडे 'ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया' असं पोरंसुद्धा एकमेकांना चिडवताना म्हणतात. परतीच्या गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग विचारलं, "आई, मला रत्नागिरीला ठेवणार?"

त्यानंतर पाच आठवडे ती घराबाहेर पडली नाही. डॉक्टरांच्या खोलीपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो, आणि माझ्या पोरीचे पाच आठवडे गेले. मधे मी एकटी जाऊन आले, आधी केसपेपर तरी काढून ठेवू म्हणून. "पेशंट आणा," एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा गेले तर डॉक्टर शिबिराला गेलेले. जाण्याआधी फोन करून विचारायला हवं हे मला तेव्हा कळलं, तुम्ही ती चूक करू नका.

वाट निघाली ती फोनमुळे. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत, नंबर १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू केली. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलतात. एका रात्री स्वयंपाकघरात बसून मी लावला. पलीकडच्या बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि मुलीशी बोलू का, असं विचारलं. लेक फोन घेऊन मागच्या पडवीत गेली ती अर्ध्या-पाऊण तासाने आली. काय बोलली ते मी विचारलं नाही. सकाळी म्हणाली, "जाऊया, पण त्या खिडकीपाशी मी येणार नाही."

मग मी असं केलं. तिला बाहेर बाकावर मावशीजवळ बसवलं. आत कागद सरकवला, त्यावर नाव, वय, गाव आणि फक्त खोली नंबर. मनोविकार हा शब्दच उच्चारला नाही. दोन मिनिटांत केसपेपर हातात. इतकं सोपं होतं ते.

पुढचं सगळं सुरळीत झालं. डॉक्टर आधी तिच्याशी बोलले, मग माझ्याशी. वर्गात उभं राहून वाचताना तिचा आवाज बंद पडला होता आणि मुलं हसली होती, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. गोळ्या लागल्या नाहीत. समुपदेशन झालं, आणि शाळा टप्प्याटप्प्याने: आधी नुसतं फाटकापर्यंत, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. वर्गशिक्षिकांनी मनापासून साथ दिली.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. त्याच्या कलम २३ मध्ये रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे. उपचारासाठी कुणाला लांब जावं लागू नये, सेवा घराजवळ मिळावी, हे कलम १८ मध्ये आहे आणि त्यात मुलांचा वेगळा उल्लेख आहे. हे वाचल्यावर मी वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज दिला. दोनच मागण्या केल्या. खिडकीवर आजार न विचारता खोली नंबर विचारावा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा केसपेपर त्या खोलीतच काढून मिळावा. याला नवीन इमारत लागत नाही की नवीन माणूस लागत नाही.

एक राहिलं. तपासणीचे जुने कागद आणि आरोग्य केंद्राची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. पहिल्या भेटीत सगळं पुन्हा विचारतात. आणि गावातल्या कुणाला काय सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा. माझ्या लेकीने 'पोटासाठी जातो' असं सांगायला सांगितलं, मी तेवढंच सांगते.

अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. मंगळवारी फेरतपासणीची तारीख आहे, तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन विचारणार आहे.