रात्रीच्या चार वेण्या

सकाळी लेकीने वेण्या सोडल्या, आरशात बघितलं आणि म्हणाली, "आई, हे तर पार्लरसारखं झालं गं!"

रात्री केस जेमतेम दमट असताना चार वेण्या घातल्या होत्या, एवढंच. पाण्याने केसांचा आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना केस ज्या आकारात असतील त्यातच पुन्हा जुळतात. म्हणून पूर्ण सुकेपर्यंत वेणी सोडायची नाही. चिंब केसांवर घातली तर सकाळीही आत ओलच राहते.

मग दोनशे अंशांचं कर्लिंग मशीन तिच्या केसांना का लावू?

माझी आई रोज झोपायच्या आधी माझी वेणी घालायची. मानेवरची सुटलेली बट आत घेताना तिची बोटं क्षणभर थांबायची.

काल माझीही तिथेच थांबली.